निरोगी मेंदूचा एमआरआय कशासाठी? मुंबईतल्या स्वयंसेवकांसाठी पायरी-पायरीने माहिती

घरातल्या ज्येष्ठांचा मेंदूचा एमआरआय काढला की रिपोर्टच्या तळाशी बहुतेकदा एक ओळ असते : मेंदू वयोमानानुसार थोडा आकसलेला आहे. ती वाचून घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि फाइल कपाटात जाते. पण अडुसष्टाव्या वर्षी किती आकसणं ‘वयोमानानुसार’ आणि कुठून पुढे आजार, हे ठरवायचं कशावरून? त्याच वयाच्या, कसलीही तक्रार नसलेल्या बऱ्याच माणसांचे मेंदू आधी मोजलेले असतील तरच हे सांगता येतं. इथेच अडतं. रेडिऑलॉजिस्टच्या डोळ्यांखालून आयुष्यभर जे स्कॅन जातात ते प्रामुख्याने तक्रार घेऊन आलेल्यांचे. ठणठणीत माणूस एमआरआय काढायला जाईल कशाला?

म्हणून संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवक लागतात. मुंबईत असा स्कॅन द्यायचं तुमच्या मनात असेल, किंवा कुणी तुमच्या हातात तसं माहितीपत्रक ठेवलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. स्वयंसेवकांशी बोलणं, त्यांचे फॉर्म समजावून सांगणं हे माझं काम. लोक हमखास विचारतात ते प्रश्न इथे आहेतच. विचारायला हवेत पण कुणी विचारत नाही, तेही घेतले आहेत.

आधी हे समजून घ्या : तुमच्या स्कॅनचं पुढे काय होतं

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा तक्ता असतो, तसाच तक्ता मेंदूसाठी करायचा आहे. २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात असा पहिला मोठा तक्ता आला. जगभरच्या शंभराहून अधिक अभ्यासांतले, १,०१,४५७ माणसांचे १,२३,९८४ स्कॅन त्यासाठी एकत्र केले होते. गर्भावस्थेपासून शंभर वर्षांपर्यंतची माणसं त्यात आहेत. मेंदूतला करडा भाग (मुख्यतः पेशींचा) सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि पांढरा भाग (पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा) एकोणतिशीच्या जवळपास कळस गाठतो, हे त्यातून नेमकेपणाने दिसलं. मात्र त्यातले बहुसंख्य स्कॅन युरोप आणि उत्तर अमेरिकेतले आहेत.

त्याआधीची स्थिती तर आणखी गमतीची होती. मेंदूतली जागा सांगण्यासाठी जगभर वापरला गेलेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला, तालैराक या फ्रेंच मेंदूशल्यविशारदाचा नकाशा साठ वर्षांच्या एका बाईंच्या, त्यांच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या मेंदूवर बेतलेला होता. पुढे कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संस्थेने १५२ निरोगी तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढली आणि तोच साचा जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये बसला. भारतीय मेंदू त्या साच्यात घालायचे तर ताणावे-दाबावे लागतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू पाश्चात्त्य साच्यापेक्षा सरासरीने आकाराने लहान दिसला. (यावरून बुद्धीचा निष्कर्ष काढायला बसलेल्यांनी उगाच श्रम घेऊ नयेत. उंची-बांध्याप्रमाणे डोक्याचा आकारही बदलतो, एवढंच.) पण मोजपट्टी परक्या मापाची असेल, तर इथला धडधाकट माणूस ‘आकसलेला’ ठरू शकतो किंवा खरा आजार नजरेतून सुटू शकतो. बंगळुरूच्या निम्हान्सने (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने) नंतर वयोगटांप्रमाणे पाच भारतीय साचे तयार केले. ते सहा ते साठ वर्षांपर्यंतचे आहेत, आणि स्मृतिभ्रंशाचे बहुतेक प्रश्न साठीनंतर उभे राहतात. साठीपुढच्या स्वयंसेवकांच्या आम्ही एवढे मागे का लागतो, ते यावरून कळेल.

आता याचा निदानाला उपयोग कसा होतो, ते पाहू. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्याचं काम त्याच्याकडे असतं. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबानुसार अल्झायमरच्या रुग्णांत तो वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांनी आकसतो आणि निरोगी ज्येष्ठांत साधारण दीड टक्क्याने. यातला दीड टक्का कुठून आला? काही धडधाकट आजी-आजोबा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा त्याच मशिनमध्ये येऊन झोपले, म्हणून. ही बाजू मोजलेली नसती, तर साडेचार टक्क्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना कळलं नसतं.

दुसरं उदाहरण अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याचं. काही मुलांना औषधांनी आराम पडत नाही आणि एमआरआय मात्र ‘नॉर्मल’ येतो. मेंदूच्या पृष्ठभागाच्या एखाद्या घडीत जन्मापासूनचा बारीकसा दोष असतो आणि तो नुसत्या डोळ्याला सहज दिसत नाही. संगणक त्या मुलाच्या मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी जागोजागी निरोगी मुलांच्या मापांशी ताडून पाहतो आणि ‘इथे पाहा’ असं सुचवतो. मग ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि इतर तपासण्यांशी ती जागा जुळली, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

आणि एक इशारा, जो मी डॉक्टर मंडळींनाही ऐकवते. तक्त्यावर कुणी खालच्या पाच टक्क्यांत आलं म्हणून ते आजारी होत नाही. निरोगी माणसांतली पाच टक्के माणसं तिथे असणारच, तक्त्याची व्याख्याच ती आहे. त्यातून सॉफ्टवेअर मेंदूचे शंभरेक भाग वेगवेगळे मोजतं, तेव्हा ठणठणीत माणसाच्या अहवालातही दोन-चार ठिकाणी लाल खूण उमटते. हल्ली काही सेंटरांत मापांचा रंगीत अहवाल मिळतो. तो लक्षणांशिवाय, तपासणाऱ्या डॉक्टरांशिवाय वाचायचा नाही.

पहिली पायरी : अभ्यास खरा आहे ना, ते पाहा

परळचं केईएम, भायखळ्याचं जे. जे., मुंबई सेंट्रलचं नायर, सायन अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या नोटीस बोर्डांवर आणि पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांच्या पत्रकांवर वेळोवेळी स्वयंसेवक हवे असल्याची आवाहनं लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या मेसेजवर विसंबू नका. पत्रकावर प्रमुख संशोधकाचं नाव, संस्था आणि नीतिमत्ता समितीच्या, म्हणजेच एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा उल्लेख हवा. २००७ पासून चालू असलेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत अभ्यासाचं नाव ऑनलाइन, फुकट शोधता येतं. केवळ निरीक्षणाचे सगळेच अभ्यास तिथे नोंदलेले नसतात, त्यामुळे नाव नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका. अशा वेळी समितीच्या मंजुरीचं पत्र दाखवायला सांगा.

पैशांचं गणित सरळ आहे. तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई तुम्हाला मिळू शकते, पण आमिष वाटेल इतकी रक्कम देणं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. ‘सवलतीत ब्रेन चेकअप’ ही जाहिरात म्हणजे धंदा आहे, संशोधन नव्हे.

दुसरी पायरी : तुम्ही ‘निरोगी’ आहात का?

फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटीत बरीच चौकशी होते : रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, डोक्याला मार लागून आलेली बेशुद्धी, लहानपणची फिट, दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरचे उपचार, घरात कुणाला विस्मरण किंवा पार्किन्सन आहे का. डावखुरे आहात का, हेही विचारतात, कारण भाषेचं केंद्र कोणत्या बाजूला आहे याच्याशी त्याचा संबंध असतो. मग स्मरणशक्तीची छोटी चाचणी होते. ती मराठीतून घ्या म्हणून सांगायला लाजू नका. इंग्रजीत अडखळल्यामुळे कमी गुण पडले, तर नुकसान अभ्यासाचंच.

इथे खरं बोलणं हाच स्वयंसेवकाचा सगळ्यात मोठा उपकार. आपल्याकडे माणूस रक्तदाबाची गोळी रोज घेतो आणि वर ‘मला काही नाही’ म्हणतो. जुन्या रक्तदाबाने मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक ठिपके येतात. तुम्ही तो लपवलात तर ते ठिपके ‘निरोगी’ म्हणून मोजपट्टीत शिरतील, आणि उद्या कुणा रुग्णाचे तसेच ठिपके डॉक्टर सोडून देतील. सांगितलंत तर कदाचित घेणार नाहीत, कदाचित वेगळ्या गटात घेतील.

याची उलट बाजूही आहे, आणि ती संशोधकांनी ऐकायची आहे. कसलीच गोळी न घेणारे, रोज पोहणारे, उच्चशिक्षित एवढेच निवडले, तर चाळीतले पासष्टीचे साधे आजोबा त्यांच्यापुढे आजारीच दिसणार. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्याच्या मोठ्या अभ्यासात आमंत्रण दिलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के लोक सामील झाले होते, आणि ते सरासरी माणसापेक्षा जास्त निरोगी होते. मुंबईत तर अशा अभ्यासांत वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीच सापडतात, कारण ते हाताशीच असतात. कमी पडतात ते चौथी-सातवी शिकलेले, कष्टाची कामं केलेले आणि साठीपुढच्या बायका. तुम्ही यांपैकी असाल, तर ‘आम्हाला काय विचारणार’ म्हणून मागे राहू नका.

रुग्णाच्या सोबत आलेला नवरा किंवा बायको हा फार कामाचा स्वयंसेवक. वय जवळपासचं, वर्षानुवर्षं एकाच घरातलं खाणं, हवा तीच आणि रक्ताचं नातं नाही.

तिसरी पायरी : संमतीपत्र घरी नेऊन वाचा

माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत मिळायला हवं, सहीनंतर त्याची प्रतही. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावं लागतं. तिथल्या तिथे सही करायची घाई कुणी करत असेल, तर उठून या. आधी पुढच्या गोष्टी विचारा.

कॉन्ट्रास्टचं, म्हणजे प्रतिमेत काही भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते, इंजेक्शन आहे का? निरोगी मेंदूच्या मापांसाठी साध्या एमआरआयला ते लागत नाही. असेल तर कारण विचारा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. पण अभ्यासात पेट स्कॅन असेल, तर किरणोत्सारी द्रव्य टोचतात. एफडीजी (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य) वापरून केलेल्या मेंदूच्या पेटमध्ये काही मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराचं माप) इतकी मात्रा शरीराला मिळते. ती फार मोठी नाही, पण शून्यही नाही, आणि ती मात्रा माहितीपत्रकात छापलेली असली पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : अनपेक्षित काही दिसलं तर? लोक हा प्रश्न टाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा, की तक्रार नसलेल्या साधारण ३७ माणसांमागे एकाच्या मेंदूत काहीतरी लक्षणीय सापडतं. वय वाढलं की प्रमाण वाढतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या २००० लोकांच्या अभ्यासात, ज्यांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, ७.२ टक्के जणांत कळून न आलेल्या मेंदूच्या झटक्याच्या (स्ट्रोकच्या) खुणा होत्या, १.८ टक्के जणांत रक्तवाहिनीचा फुगा आणि १.६ टक्के जणांत साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. आपल्याकडे आणखी एक गोष्ट दिसते : फीतकृमीच्या अळीचा जुना, चुना धरलेला ठिपका. मांस न खाणाऱ्यांतही तो असू शकतो, कारण या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात.

यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. पण एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही. छोटा फुगा दिसला आणि डॉक्टर म्हणाले ‘नुसतं लक्ष ठेवू’, तर दरवर्षी ती तारीख जवळ आली की पोटात गोळा येतोच. पुढे विम्याचा फॉर्म भरताना माहीत असलेला आजार सांगावा लागतो, हेही ध्यानात घ्या. म्हणून विचारा : स्कॅन रेडिऑलॉजिस्ट बघणार का? काही सापडलं तर मला कोण, किती दिवसांत सांगणार? पुढची तपासणी कुठे, कुणाच्या खर्चाने? यांची उत्तरं लेखी नसतील, तर मी तरी सही करू नका म्हणेन. आणि उलट, काहीच कळवलं नाही म्हणजे मेंदूला ‘ओके’चा शिक्का मिळाला असंही समजू नका. हा स्कॅन मापं घ्यायला काढलेला असतो, निदानासाठी नव्हे.

चेहऱ्याबद्दलही विचारा. डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांचे असे चेहरे चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले, तेव्हा त्याने ७० जणांचे फोटो बरोबर जुळवले. म्हणून माहिती बाहेर देण्याआधी प्रतिमेतून चेहऱ्याचा भाग पुसतात. तुमच्या अभ्यासात पुसणार का, हे विचारा. कारण न देता केव्हाही माघार घेता येते. पण नावगाव काढून एकत्र मिसळलेली माहिती परत वेगळी काढता येत नाही, म्हणून माघारीची मुदतही विचारून ठेवा.

चौथी पायरी : धातूचा हिशेब

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. तो रुग्ण नव्हता, नातेवाइकासोबत आला होता. एमआरआयचं चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. तीन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजार पटींहून जास्त.

म्हणून फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न नीट वाचा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर रोपण, स्टेंट, हाडातला रॉड यांची कागदपत्रं सोबत आणा. काही चालतात, काही अजिबात नाहीत, आणि ते ठरवायचं काम तुमचं नाही. लेथ, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम कधीही केलं असेल, अगदी तीस वर्षांपूर्वी साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये, तरी सांगा. डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो आणि त्यासाठी आधी एक्स-रे काढतात. तांबी बसवलेली असेल तर सांगा, बहुतेक वेळा अडचण येत नाही. दिवस गेल्याची शंका असेल तर संशोधनाचा स्कॅन पुढे ढकला.

मंगळसूत्र, जोडवी, नथ, करदोटा, ताईत, केसांतल्या पिना सगळं काढायचं. मंगळसूत्रावरून आजही वाद होतात. कुणाला ते अवघड वाटत असेल तर आधीच सांगा, घरच्या माणसाच्या हाती देता येईल अशी वेळ ठरवतात. अंगठी निघतच नसेल तर ओढाताण न करता तंत्रज्ञाला दाखवा. जरीची साडी नको, चमकत्या धाग्याचे जिमचे कपडेही नकोत, कारण जर आणि असे धागे तापू शकतात. साधे सुती कपडे घाला, बाकी तिथे गाऊन मिळतोच. काजळ, मस्कारा आणि टक्कल झाकायची पावडर यांत लोहाचे कण असू शकतात आणि प्रतिमा बिघडते. केसांना तेल लावलं तरी एमआरआयला चालतं, पण त्याच दिवशी ईईजी असेल तर केस धुऊन, कोरडे करून या.

पाचवी पायरी : स्कॅनचा दिवस

दिवसभर रुग्णांची रांग असते, त्यामुळे संशोधनाची वेळ बहुधा भल्या सकाळी, रात्री किंवा रविवारी मिळते. रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा, पावसाळा असेल तर हातात तासभर जास्त ठेवा. धावतपळत आलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी स्थिरावेपर्यंत मेंदूतल्या रक्तप्रवाहाचं मोजमाप सुरू करता येत नाही.

आदल्या रात्री नीट झोपा. पाणी नेहमीसारखं प्या, कारण पाणी कमी पडलं तर मेंदूचं आकारमानही किंचित घटतं. चहा-कॉफीने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून शेवटचा कप किती वाजता घेतला ते सांगा आणि त्याबद्दलची सूचना असेल तर पाळा. सर्दी-खोकला असेल तर फोन करून दुसरी तारीख घ्या. मोबाइल, घड्याळ आणि पाकीट लॉकरमध्ये. पट्टीवाली कार्डं चुंबकाने कायमची निकामी होतात.

सहावी पायरी : यंत्राच्या आत

साधारण अर्धा ते एक तास. कानात बोळे, वर हेडफोन, डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल आणि हातात रबरी फुगा. तो दाबला की बाहेरचे लगेच बोलतात. आत जाण्यापूर्वी एकदा दाबून बघा, म्हणजे धीर येतो. ठोकल्यासारखे, घरघरणारे, मध्येच भोंग्यासारखे आवाज येतात, ते सगळं नेहमीचंच. सरकत आत जाताना क्षणभर गरगरल्यासारखं वाटू शकतं.

सुरुवातीला येणारा पाच-सात मिनिटांचा रचनेचा स्कॅन सगळ्यात मोलाचा. जाडी, आकारमान ही सगळी मापं त्यातूनच निघतात. एक-दोन मिलिमीटर डोकं हललं तरी मेंदूचा पृष्ठभाग प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जातो, म्हणजे हललेला निरोगी माणूस आजारी माणसासारखा दिसतो. गिळायचं, खाकरायचं, अंग सैल करायचं ते आवाज थांबल्यावर. दोन स्कॅनच्या मध्ये थोडी विश्रांती असते. पाठीला किंवा गुडघ्याखाली उशी हवी असेल तर सुरुवातीलाच मागा. संकोचून पडून राहिलेला माणूस दहाव्या मिनिटाला चुळबुळ करतोच.

मग ‘काहीही करू नका, डोळे उघडे ठेवून समोरच्या खुणेकडे बघा’ असा एक टप्पा येतो. मेंदूचे कोणते भाग आपसांत ताल धरून चालतात, ते यातून मोजतात. इथे झोप लागली तर वेगळाच मेंदू मोजला जातो, कारण झोपेत ही जुळणी बदलते. डुलकी लागली असेल तर नंतर मोकळेपणाने सांगा, ते पुन्हा घेतात. घुसमट होऊन बाहेर यावंसं वाटलं तर फुगा दाबा. त्यात कमीपणा काही नाही, आणि अर्धवट स्कॅनसाठी कुणी तुम्हाला रागावणार नाही.

सातवी पायरी : घरी गेल्यानंतर

तुमचा स्कॅन आधी गुणवत्तेसाठी तपासतात. मग नावाऐवजी सांकेतिक क्रमांक पडतो, चेहरा पुसतात, मापं काढतात. प्रत्येक मशिनची स्वतःची खोड असते. एकाच माणसाचा मेंदू दोन कंपन्यांच्या यंत्रांत किंचित वेगळा मोजला जातो. हा फरक गणिताने काढून टाकतात, आणि त्यासाठी काही स्वयंसेवकांना मुद्दाम दोन-तीन केंद्रांत पाठवतात. तुम्हाला दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा बोलावलं तर ‘माझ्यात काही सापडलं की काय’ म्हणून घाबरू नका, कारण विचारा.

प्रतिमांची सीडी मागू शकता, पण ती घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडे ‘जरा बघा’ म्हणून जाऊ नका. तसं करून नसलेल्या आजाराच्या मागे धावलेली माणसं मी पाहिली आहेत.

वर्षा-दोन वर्षांनी पुढच्या स्कॅनसाठी फोन येईल, आणि त्या वेळी निम्मे लोक सापडत नाहीत : कुणी डोंबिवलीला राहायला गेलेलं, कुणाचा नंबर बदललेला, कुणी मुलाकडे पुण्याला. वयाबरोबर मेंदू किती बदलतो हे एकाच माणसाच्या दोन स्कॅनमधूनच नीट कळतं. तेव्हा नंबर बदललात तर अभ्यासाच्या कार्यालयाला कळवा, आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्याचाही नंबर तिथे देऊन ठेवा.